अलिबागची वही आणि पृथ्वीची शेपटी

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेली दोन-चार वाक्यं नंतर घातली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



भाषणाचा विषय काय ठेवायचा, असं आपल्या सचिवांनी मला विचारलं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, तेव्हा मी मुदत ठेवी, वारसनोंद, नाहीतर फोनवरून ओटीपी मागणाऱ्या भामट्यांबद्दल बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी म्हटलं, "पृथ्वीच्या चुंबकाच्या शेपटीत होणारी वादळं." त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "काका, वीस मिनिटांत आवरा, पुढे हौजी आहे." तेव्हा आवरतो.

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगतो. माझी नात शिकायला नॉर्वेत आहे, अगदी उत्तरेला, ट्रॉम्सो नावाच्या गावी. मागच्या वर्षी जानेवारीत एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन आला. आमच्या वयाला रात्री दोनला फोन वाजला की काय होतं, ते इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. सौ. उठून बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही घ्या, मी घेणार नाही." मी थरथरत्या हाताने फोन घेतला. तर पोरगी ओरडतेय, "आबा, व्हिडिओ लावा, लवकर!" तिच्याकडे रात्रीचे साडेनऊ-पावणेदहा झाले होते. बाहेर बर्फात उभी होती. तिच्या डोक्यावर सगळं आकाश हिरवं झालं होतं, आणि तो हिरवा प्रकाश वाऱ्यावर पडदा हलावा तसा हलत होता. मेरुप्रकाश म्हणतात तो हा. सौ. नी चष्मा लावून पाहिलं, हात जोडले आणि मग तिला कानटोपीवरून रागे भरल्या.

फोन ठेवण्याआधी नात म्हणाली, "आबा, आमच्या सरांना सांगितलं, माझं घर अलिबागजवळ आहे. ते म्हणाले, अलिबाग? तिथली चुंबकाची वेधशाळा जगातल्या जुन्या वेधशाळांपैकी आहे. तुम्ही पाहिली असेल ना?"

आता काय सांगू? मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो. पुढे छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली तीन अलिबागच्या शाखेत. रोज वडखळ नाक्यावर एसटी धरायची, धरमतरचा पूल, पोयनाड, कार्लेखिंड करत अलिबाग. संध्याकाळी समुद्रावर भेळ खायला जायचो तेव्हा वेधशाळेचं आवार दिसायचं. आत काय चालतं, हे विचारायची बुद्धी तीन वर्षांत एकदाही झाली नाही. हे हवामानखातं असेल, पाऊस मोजत असतील, एवढंच वाटायचं. नातीला म्हटलं, "पाहिली नाही, पण पाहीन." मग रीतसर परवानगी काढून पाहून आलो, वाचन केलं. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी मुंबईतल्या कुलाब्याला जाऊ. ईस्ट इंडिया कंपनीने तिथे १८२६ मध्ये वेधशाळा बांधली, ती मुख्यतः जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकाच्या नोंदी घ्यायला सुरुवात झाली. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार हे काम पाहत. त्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून एक तरुण लागला आणि सुमारे दहा वर्षं राहिला. तो आपल्या अलिबागजवळच्या नागावचा. नाव केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर, तेही या वेधशाळेचं काम पाहत. मराठी पत्रकारितेचा पाया घालणारा माणूस आणि मराठी गणिताचा पाया घालणारा माणूस, दोघंही एकाच ठिकाणी चुंबकाची सुई बघत होते, हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं.

ही सुई कशाला बघायची? होकायंत्र उत्तर दाखवतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती सुई अगदी स्थिर कधीच नसते. दिवसभरात किंचित सरकते, रात्री किंचित थरथरते, आणि कधी तरी अचानक भलतीकडे जाते. डोळ्यांना दिसणार नाही इतका हा फरक असतो. सुईला आरसा लावून, त्यावर प्रकाशाची तिरीप टाकून तो मोजायचा. चुंबकाचा जोर मोजण्याचं लहान एकक नॅनोटेस्ला. आपल्या भागात पृथ्वीच्या चुंबकाचा आडवा जोर सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. बँकेच्या भाषेत सांगतो: खात्यात अडतीस हजार शिल्लक आहे, आणि तुम्हाला एका रुपयाचा, कधी काही पैशांचा फरक पकडायचा आहे. तोही दर तासाला, दिवस-रात्र, वर्षानुवर्षं. आमच्या वेळी खतावण्या जुळवताना नऊ पैशांचा फरक आला तरी शाखा रात्री दहापर्यंत उघडी असायची. त्यामुळे ही माणसं मला एकदम आपली वाटली.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत होते. त्यांना डागांजवळ अचानक पांढरा झगझगीत प्रकाश दिसला, काही मिनिटांत गेला. त्यानंतर सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या, आणि नेहमी ध्रुवाकडे दिसणारा मेरुप्रकाश कॅरिबियन बेटांपर्यंत दिसला. अनेक वेधशाळांत सुई नोंदकागदाच्या बाहेर गेली, म्हणजे आकडाच हाती लागला नाही. कुलाब्याला मात्र माणसं वहीत हाताने लिहीत होती. एरवी तासातासाला, आणि गडबड दिसली की पंधरा-पंधरा, पाच-पाच मिनिटांनी. २ सप्टेंबरला त्यांनी जी घट लिहून ठेवली ती सुमारे १६०० नॅनोटेस्ला भरते. तुलनेसाठी सांगतो, १९८९ च्या मार्चमधल्या प्रचंड वादळात जगभरच्या केंद्रांवरून काढलेली घट सुमारे ५९० होती.

ती वही दीडशे वर्षं जवळजवळ तशीच पडून होती. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे गोन्झालेझ यांच्याबरोबर आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे डॉ. गुरबक्ष लाखिना आणि डॉ. अलेक्स यांनी तो आकडा पुन्हा बाहेर काढला, तपासला आणि प्रसिद्ध केला. काही अभ्यासक म्हणतात, एकाच ठिकाणचा आकडा आहे, तासाची सरासरी काढली तर तो कमी भरतो. ते असू दे. पण त्या वादळाचा आकाराने सगळ्यात महत्त्वाचा आकडा कुठला, असं आज जगात कुठेही विचारलं तर उत्तर 'बॉम्बे' असं येतं. त्या सकाळी वहीत कोणी लिहिलं? पाच-पाच मिनिटांनी कोण वाकून बघत होतं? आपल्यासारखीच कोणी पगारदार माणसं. त्यांना वादळ कशाचं आहे हे माहीत असण्याची शक्यताच नव्हती. तरी त्यांनी 'यंत्र बिघडलं असेल' म्हणून सोडून दिलं नाही.

मग हे सगळं अलिबागला कसं आलं? विजेमुळे. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. १९०० च्या सुमारास ती विजेवर चालवायचं ठरू लागलं. विजेचा प्रवाह वाहिला की त्याच्याभोवती चुंबक तयार होतं, आणि ट्रामच्या रुळांमधून जमिनीत प्रवाह शिरला की कुलाब्याच्या सुईला पृथ्वीचं बोलणं ऐकूच येणार नाही. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस, त्या जागेवर बसलेले पहिले भारतीय, १८९६ पासून. त्यांनी शांत जागा शोधली, ती अलिबाग. १९०४ मध्ये अलिबागचं काम सुरू झालं. मुंबईत विजेची ट्राम धावली ती मे १९०७ मध्ये.

मला मूससाहेबांची एक गोष्ट फार आवडली. त्यांनी कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या वहीची शिल्लक नव्या वहीत बरोबर ओढून आणली. शिल्लक पुढे ओढताना चूक झाली तर पुढची सगळी खतावणी चुकते, हे कुठल्याही कारकुनाला विचारा. त्यांच्यामुळे १८४० च्या दशकापासून आजपर्यंत, पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ, ही मालिका सलग आहे. अशा मालिका जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १८४६ ते १९०५ च्या कुलाब्याच्या नोंदी त्यांनी १९१० मध्ये दोन जाड खंडांत छापल्या.

अलिबागच्या जुन्या इमारतीत लोखंड नाही. आपल्या कोकणातल्या काळ्या दगडातही चुंबकीय अंश असतो, म्हणून दगड पोरबंदरचा आणला. खिळे तांब्याचे, बिजागऱ्या-कड्या पितळेच्या. आत जाताना मी खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, घड्याळ सगळं बाहेर काढून ठेवलं. माझ्या गुडघ्यात बसवलेली वाटी आठवली आणि मी विचारलं, "हिचं काय करू?" तिथले साहेब हसले आणि मला जरा लांबच उभं केलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सुई हलते, पण तिला हलवतं कोण?

सूर्याकडून आपल्याकडे उजेड येतो, तसा एक वाराही येतो. तो हवेचा नव्हे, प्लाझ्माचा. मुलांनो, प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू, की त्याच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. वेल्डिंगची ठिणगी, ट्यूबलाइटच्या आतला झगमगाट, आकाशातली वीज, हे सगळे प्लाझ्मा. सूर्याचा हा वारा साधारणपणे सेकंदाला चारशे किलोमीटर वेगाने येतो. म्हणजे वडखळहून निघाला तर मुंबई गाठायला पाव सेकंदही लागायचा नाही. हायवेवरून आपल्याला किती लागतो ते मी काढत नाही. (हशा)

हा वारा थेट अंगावर का येत नाही? कारण पृथ्वीचं चुंबक त्याला अडवतं. इथे मला आपला खारबंदिस्तीचा बांध आठवतो. खाडीला उधाण येतं, खारं पाणी शेतात शिरू पाहतं, बांध त्याला थोपवतो. तसं पृथ्वीभोवती चुंबकाचं आवरण आहे. सूर्याच्या बाजूने वाऱ्याच्या दाबामुळे ते दबलेलं असतं, साठ-पासष्ट हजार किलोमीटरवर संपतं. पण उलट्या बाजूला, म्हणजे रात्रीच्या बाजूला, वारा त्याला ओढून लांब शेपटी करतो. ही शेपटी चंद्राच्याही पलीकडे जाते. दर पौर्णिमेच्या आसपास चार-पाच दिवस चंद्र या शेपटीतून जात असतो. कोजागरीला आपण गच्चीवर मसाला दूध पीत चंद्र बघतो, तेव्हा तो पृथ्वीच्या चुंबकाच्या शेपटीत असतो. हे मला कळलं तेव्हापासून कोजागरीचं दूध जरा जास्तच गोड लागतं, साखर कमी असूनही.

बांधाला उघाडी असते, झडप. सूर्याच्या वाऱ्याबरोबर सूर्याचं चुंबकही वाहत येतं. त्याची दिशा पृथ्वीच्या चुंबकाला जुळणारी असेल तर बांध भक्कम. पण ती दक्षिणेकडे वळली की पृथ्वीच्या बलरेषा आणि सूर्याच्या बलरेषा एकमेकींना तोडून जोडल्या जातात. उघाडी उघडली म्हणा. मग वाऱ्याची ऊर्जा आत येते आणि मागे शेपटीत साठायला लागते. साधारण तासभर शेपटी ताणत जाते, बारीक होत जाते. रबर ताणावं तशी. आणि मग एका क्षणी मधेच खांड पडते. ताणलेल्या बलरेषा तुटून पुन्हा जोडल्या जातात आणि पृथ्वीकडचा भाग गोफणीसारखा पृथ्वीकडे येतो. त्याच्याबरोबर आलेले इलेक्ट्रॉन ध्रुवांजवळच्या हवेवर आपटतात, हवा पेटते, हिरवी होते. याला म्हणतात उपवादळ. मोठं चुंबकीय वादळ क्वचित येतं, पण असली उपवादळं दिवसातून अनेकदाही होतात. माझी नात बर्फात उभी राहून बघत होती ती अशीच एखादी खांड होती. अकासोफू नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये या प्रकाशाचा सगळा क्रम नीट लावून दाखवला: आधी शांत कमान, मग एकदम भडका, मग हळूहळू शमणं.

आता खांड पहिल्यांदा पडते कुठे, यावर शास्त्रज्ञांमध्ये वर्षानुवर्षं वाद. एक पक्ष म्हणे, पृथ्वीच्या जवळ, पृथ्वीच्या त्रिज्येच्या दहापटीवर. दुसरा म्हणे, लांब, वीस-तीसपटीवर. जवळ आधी तुटतं आणि लांबचं मग ढासळतं, की लांब आधी तुटतं आणि जवळचं मग? पावसाळ्यात बांध फुटला की पहिली खांड कोणाच्या शेताशी पडली, यावर गावात भांडण होतं, तसंच हे. निकाल लावायला एकच पंच पुरत नाही, बांधावर ठिकठिकाणी माणसं उभी करायला हवीत. म्हणून १७ फेब्रुवारी २००७ ला नासाने एकाच अग्निबाणातून पाच उपग्रह सोडले, 'थेमिस' नावाचे, आणि ते शेपटीत ओळीने येतील असं जमवलं. २६ फेब्रुवारी २००८ च्या उपवादळात दिसलं, की तुटणं आधी लांब झालं, वीसपटीच्या आसपास, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांशावर. प्रकाशाचा भडका त्यानंतर, आणि जवळची पडझड त्याच्याही नंतर. सगळ्यांनी लगेच मान्य केलं असं नाही. शास्त्रज्ञ म्हणजे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखेच असतात, इतिवृत्त मंजूर व्हायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात कठीण गेली. तिथे शेपटीत प्लाझ्मा इतका विरळ आहे, की कण एकमेकांवर जवळजवळ आदळतच नाहीत. मग एकाची ऊर्जा दुसऱ्याला मिळते कशी? गर्दीत धक्का लागून आपण पुढे सरकतो, पण मोकळ्या मैदानात धक्का देणार कोण? उत्तर असं, की तिथे लहरी धक्का देतात. विजेच्या आणि चुंबकाच्या लहरी प्लाझ्मातून जातात, कणांना उचलतात, पळवतात, थांबवतात. घर्षणाचं काम तिथे लहरी करतात. त्यांचे बरेच प्रकार आहेत. स्वीडनच्या हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये सांगितलं, की चुंबकाची बलरेषा तंबोऱ्याच्या तारेसारखी कंप पावू शकते. सुरुवातीला लोकांचा विश्वास बसला नाही, १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शेपटीत उपग्रहांना एक नुसताच खरखराट ऐकू यायचा, रेडिओचं स्टेशन न लागल्यासारखा. १९९२ मध्ये सोडलेल्या जपानच्या 'जिओटेल' उपग्रहाने तो बारकाईने पाहिला तेव्हा कळलं, की हा खरखराट म्हणजे विजेचे सुटे सुटे छोटे उमाळे आहेत, एकामागून एक जाणारे. असले उमाळे का उठतात याचं गणित मांडणाऱ्यांत डॉ. लाखिना आणि त्यांचे सहकारी आहेत. ही सगळी मंडळी आपल्या शेजारची. भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे, आपण मुलांना क्लासला सोडायला जातो त्या बाजूला.

आता अलिबाग. मेरुप्रकाश आपल्याला दिसत नाही, कारण आपण विषुववृत्ताकडे आहोत. पण खांड पडली की तिचा हादरा बलरेषांमधून सगळीकडे जातो. त्यातला एक हादरा ४० ते १५० सेकंदांच्या लयीत येतो, तार छेडल्यावर झंकार उठून विरावा तसा. शास्त्रज्ञ त्याला 'पी आय टू' म्हणतात. रात्रीच्या बाजूला तो अलिबागसारख्या ठिकाणीही उमटतो. किती? एखादा नॅनोटेस्ला. अडतीस हजारांत एक रुपया. पण त्या एका रुपयावरून कळतं, की आत्ता, या मिनिटाला, लाखभर किलोमीटरवर काहीतरी तुटलं.

म्हणजे त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी नातीच्या डोक्यावर जे हिरवं पेटलं होतं, त्याची थरथर इथून वीस-बावीस किलोमीटरवर अलिबागच्या नोंदीतही उतरली असणार. आणि मी घाबरून फोन घेत होतो.

कोणी म्हणेल, काका, याचा उपयोग काय? १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात पहाटे अशाच चुंबकीय हादऱ्याने विजेच्या लांब तारांत नको ते प्रवाह शिरले आणि दीड मिनिटात सगळा प्रांत अंधारात गेला. साठ लाख लोक, नऊ तास. १० आणि ११ मे २०२४ ला मोठं वादळ आलं तेव्हा लडाखमध्ये हानले इथे आकाशात तांबूस प्रकाश टिपला गेला. आज आपलं सगळं उपग्रहांवर आहे: रस्ता दाखवणारा मोबाइल, विमानं, कोळीबांधवांच्या होड्यांवरची यंत्रं. आपल्या इस्रोने २ सप्टेंबर २०२३ ला 'आदित्य एल-१' सोडलं, ते पंधरा लाख किलोमीटरवर उभं राहून सूर्याच्या वाऱ्यावर पहारा देतं. त्यावर चुंबकमापकही आहे, येणाऱ्या वाऱ्याचं चुंबक उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, उघाडी उघडणार की नाही, ते बघायला. पण वरून कितीही पहारा असला तरी जमिनीवर प्रत्यक्षात काय पोचलं, ते अलिबागसारखी ठिकाणंच सांगतात.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो सोसायटीचा आहे. यात दोष माझा आहे, म्हणून मीच बोलतो.

२६ जुलै २००५ चा पाऊस इथल्या मोठ्या माणसांना आठवत असेल. तळमजल्यात पाणी शिरलं होतं. संध्याकाळी पाणी सगळ्यात वर होतं तेव्हा मी जिन्यात उभा होतो. खिशात बँकेची लाल-निळी पेन्सिल होती. पाण्याच्या कडेला भिंतीवर मी लाल रेघ मारली आणि शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. सवय हो, दुसरं काही नाही. ती रेघ पुढे सहा वर्षं होती. मग सोसायटीला रंग काढला. रंगाऱ्याने विचारलं, "साहेब, ही रेघ ठेवू का?" तेव्हा मी खजिनदार होतो, बिलाच्या घाईत होतो. म्हटलं, "घाण दिसतेय, मार वरून रंग." बिलावर सही माझी आहे, फाइलमध्ये आहे, पाहून घ्या.

गेल्या महिन्याच्या सभेत नवा पंप आणि मीटरचा बोर्ड किती उंचीवर बसवायचा यावर दीड तास वाद झाला. कोणी म्हणालं, पाणी कमरेपर्यंत होतं. कोणी म्हणालं, छे, गुडघ्यापर्यंत. तळमजल्यावरच्या आमच्या वहिनी म्हणाल्या, आमचा फ्रिज तरंगत होता. दोन पायऱ्यांच्या फरकावर खर्च हजारोंनी बदलतो, आणि चुकलं तर पुढच्या पुरात विजेचा बोर्ड पाण्यात. सगळे बोलत होते, मी गप्प बसलो होतो. उत्तर त्या रंगाखाली होतं आणि ते मीच घालवलं होतं. कुलाब्याच्या माणसांना वादळाचं कारण माहीत नव्हतं, तरी त्यांनी आकडा जपला. मला कारणही माहीत होतं, पाण्यात उभा होतो, तरी मी तो पुसायला लावला.

तेव्हा तीन मागण्या मांडतो, सभेने ठरवावं. एक, त्या दिवशीचे कोणाकडे फोटो असतील, भिंतीवर पाण्याचा डाग दिसत असेल, तर या आठवड्यात आणून द्या. पायऱ्या मोजून उंची काढता येईल. मी स्वतः टेप घेऊन बसेन. दोन, ती उंची जमली की जिन्यात पितळेची पट्टी बसवू, तारखेसह. खर्च माझा. आणि ती पट्टी रंगवायची नाही, असा ठराव इतिवृत्तात घ्या, म्हणजे माझ्यासारखा पुढचा खजिनदार घाईत असला तरी अडेल. तीन, पुढे बसलेल्या मुलांसाठी. गच्चीवर पाऊस मोजायचं साधं भांडं आणि एक जाड वही ठेवू. रोज सकाळी साडेआठला एकाने आकडा लिहायचा. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, जागा रिकामी सोडायची नाही. सुट्टीत गावाला गेलात तर वही दुसऱ्याच्या हातात देऊन जा. दोन्ही आकडे जुळले का ते एक दिवस दोघांनी मिळून बघा, मूससाहेबांनी केलं तसं.

अलिबागला सहल काढायची असेल तर वेधशाळेची परवानगी मिळवण्याचं काम मी करतो. किल्ल्या-मोबाइल बाहेर ठेवायची तयारी ठेवा.

सचिव घड्याळाकडे बघत आहेत. हौजीची तिकिटं जिन्याजवळ मिळतील.